इंजिन का धरत नाही?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आजच्या संमेलनात ‘तरुण पिढीपुढील प्रश्न’ या विषयावर मी चार शब्द बोलावे, अशी चिटणीसांची सूचना होती. मी त्यांना नम्रपणे विचारले, ‘त्याऐवजी सुरू न होणाऱ्या इंजिनावर बोललो तर चालेल काय?’ त्यांनी प्रथम माझ्याकडे पाहिले, मग हसून होकार दिला. सारा जन्म खडू आणि फळा यांच्या सहवासात घालविलेल्या, शालान्त परीक्षा आणि अध्यापनाची पदविका एवढीच विद्या पदरी असलेल्या माणसाने इंजिनावर बोलावे, हे धाडसच आहे. परंतु आपल्या किनाऱ्यावरील घरांत आज तरुणांपुढील प्रश्न आणि इंजिनाचा प्रश्न हे दोन निराळे राहिलेले नाहीत. ज्या घराची चूल इंजिनावर पेटते, त्या घरात इंजिन धरले नाही तर चूलही धरत नाही.

आपले आजोबा-पणजोबा शिडावर आणि वल्ह्यावर दर्या हाकीत. आपल्या वडिलांच्या पिढीने नौकेत डिझेलचे इंजिन बसविले. आता मालवण, तारकर्ली, देवबाग या बाजूची आपली मुले पर्यटकांना किल्ला दाखवितात, डॉल्फिन दाखवितात, समुद्राच्या तळाची शोभा दाखवितात. आणि त्यासाठी नौकेच्या पाठीवर टांगलेले पेट्रोलचे नवे इंजिन वापरतात. ते आवाज थोडा करते, धूर जवळजवळ करीत नाही आणि जुन्यापेक्षा तेलही कमी खाते. गुणी आहे, पण रुसले म्हणजे का रुसले हे कोणाला कळत नाही, असा त्याचा लौकिक आहे. त्या रुसव्याची माझ्या घरातील हकीकत प्रथम सांगतो.

माझे थोरले बंधू आज हयात नाहीत. त्यांच्या मुलाने कर्ज काढून अशी एक नौका घेतली. कर्जासाठी वहिनींच्या अंगावरचे दोन दागिने गेले, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढील कथेचे वजन त्यावरून कळेल. पहिला हंगाम उत्तम गेला. पावसाळ्यात नौका वर ओढली, पुन्हा पाण्यात घातली आणि दुसऱ्या हंगामात इंजिनाने त्रास देण्यास आरंभ केला. सकाळी पाच-सहा वेळा सेल्फ मारल्यावर ते धरावयाचे. पुढे दहा वेळा. एके दिवशी पुतण्या माझ्या ओटीवर येऊन बसला आणि म्हणाला, ‘काका, सेल्फ फिरता, पण इंजिन काय धरणा नाय.’

तोवर पुष्कळ खर्च होऊन गेला होता. मेकॅनिकने आधी स्पार्क प्लग बदलले. फरक पडला नाही. मग बॅटरी नवी घातली. आठ दिवस इंजिन सुतासारखे सरळ चालले. सर्वांना वाटले, दोष मिळाला. नवव्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा मेकॅनिकने सांगितले की, तेलाचा दाबाचा पंप गेला असावा. त्याला चाळीस हजार लागतील. आणि त्यानेही भागले नाही तर इंजिनाचा संगणकच बदलावा लागेल. मी त्या गृहस्थांना दोष देत नाही. त्यांच्यामागे वीस नौका असतात आणि प्रत्येक मालकाला उत्तर आजच हवे असते. घाईने विचारलेल्या प्रश्नाला घाईचेच उत्तर मिळते.

आणि याच आठवड्यात ती गोष्ट घडली. कर्ली नदीच्या मुखापाशी पुतण्याने आठ पर्यटक घेऊन नौका उभी केली होती. इंजिन बंद, गाणी चालू. अर्ध्या तासाने निघण्यासाठी सेल्फ मारला, तो इंजिन धरीना. सुकती सुरू झाली होती आणि नदीचे पाणी नौकेला बाहेर ओढीत होते. नौकेत दोन लहान मुले होती. पोराने प्रसंगावधान राखून नांगर टाकला, तो सुदैवाने रुतला; आणि शेजारच्या नौकेने दोर देऊन त्यांना आत आणले. कोणाला काही झाले नाही. परंतु त्या रात्री वहिनी जेवल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, ‘भावजी, पैशांचं राहू द्या. ते इंजिन का रुसतं, एवढं एकदा बघा.’

मी इंजिन बघणार म्हणजे काय? मला पाना कोणत्या हाती धरावा हे ठाऊक नाही. पण मला एक गोष्ट ठाऊक होती. वर्गात मुलाचे गणित चुकले म्हणजे मी उत्तर खोडून दुसरे उत्तर लिहीत नसे. गणित कोणत्या पायरीवर चुकले ते पाहत असे. आमच्या घरात मात्र एवढे दिवस उत्तरेच खोडली जात होती. पायऱ्या कोणी पाहिल्याच नव्हत्या. म्हणून मी एक शंभर पानी वही घेतली, इंजिनासोबत आलेले माहितीपुस्तक मागवून घेतले आणि वाचावयास बसलो. ते पुस्तक त्या दिवसापर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही निघालेले नव्हते!

पुस्तकातून मला जे कळले ते थोडक्यात सांगतो. इंजिन सुरू होण्यास हवा, तेल आणि पेट हे तिन्ही योग्य वेळी एकत्र यावे लागतात. जुन्या पेट्रोल इंजिनात कार्बोरेटर असे. आत ओढल्या जाणाऱ्या हवेबरोबर तेल आपोआप खेचले जाई. नव्या इंजिनात तसे नाही. तेथे तेलाचा फवारा उडविला जातो. फवाऱ्याची कल्पना नवी नव्हे. जर्मनीच्या रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले, त्यातही तेल दाबाने आत फेकले जात असे. आणि १९२७ पासून बॉशच्या कारखान्यात डिझेल फवारणीचे पंप मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. आपल्या वडिलांची डिझेल इंजिनेही फवाऱ्याचीच. मात्र त्यांचा पंप इंजिनाच्या फिरण्याने चालतो. पेट्रोलच्या नव्या इंजिनातला दाबाचा पंप विजेवर चालतो, फवाऱ्याचे तोंड विजेने उघडते, आणि ते केव्हा व किती वेळ उघडावे हे एक छोटा संगणक ठरवितो, तोही विजेवरच. मोटारगाड्यांत ही विजेची पद्धत १९६७ पासून मोठ्या प्रमाणावर येऊ लागली आणि पुढे ती नौकांच्या इंजिनांत उतरली.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. या इंजिनाला तेल पाजणारी दाई म्हणजे वीज. टाकी काठोकाठ भरलेली असो, सुरू होण्याच्या क्षणी वीज अशक्त असेल तर पंप पुरता दाब करीत नाही, फवाऱ्याचे तोंड उशिरा उघडते, संगणक गोंधळतो. आणि पाहणाऱ्याला वाटते की तेलच येत नाही. रोग विजेचा, लक्षण तेलाचे!

आता माझ्या वहीकडे वळतो. तीन दिवस मी आणि पुतण्या नौकेवर बसलो. मी त्याला एकच अट घातली होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झाले ते लिहायचे. पहिल्या दिवशीची नोंद अशी: सकाळी सात वाजता, रात्री गाणी वाजविलेली नसता, तिसऱ्या खेपेस धरले. एकदा चालून गरम झाल्यावर, लगेच बंद करून चालू केले, पहिल्या खेपेस धरले. अर्धा तास गाणी वाजवून मग चालू केले, धरले नाही. दुसऱ्या दिवशी चावी फिरवून कान लावला. चावी दिल्यावर दाबाचा पंप दोन-तीन क्षण गुणगुणतो, असे पुस्तकात होते. तो गुणगुणला. म्हणजे पंप मेलेला नव्हता. चाळीस हजारांचा निर्णय त्या गुणगुणीने थांबविला.

तिसऱ्या दिवशी मी गावातील वायरमनकडून वीज मोजण्याचा मीटर मागून आणला. बॅटरीच्या खुंट्यांवर मोजले, तो १२.६ व्होल्ट, बॅटरी भरलेली. पुतण्याने सेल्फ मारला, आकडा ११ वर आला, तोही ठीक. मग तेच मोजमाप इंजिनाजवळ, जेथे तारा येऊन पोचतात तेथे केले. सेल्फ मारताच आकडा उतरला तो ८.२! बॅटरीवर ११ आणि इंजिनावर ८.२. मधले २.८ व्होल्ट गेले कोठे?

बंधुभगिनींनो, त्या क्षणी माझे कान तापले. कारण ते व्होल्ट कोठे गेले ते मला तत्काळ कळले, आणि चोर कोण तेही कळले. पावसाळ्यात नौका वर असताना मीच पुतण्याला सल्ला दिला होता की, बॅटरी मागच्या बाजूस खाऱ्या पाण्याच्या तुषारात राहते, ती मधल्या बाकाखाली कोरड्या जागी हलव. त्याने बॅटरी हलविली. मूळच्या तारा पोहोचेनात, म्हणून घरात पडलेली पेन्सिलीहून बारीक तार दोन्ही बाजूंना चार-चार मीटर जोडली, पिळे मारून चिकटपट्टी गुंडाळली. आणि ती तार काटकसर म्हणून मीच काढून दिली होती.

तार जितकी लांब आणि जितकी बारीक, तितका तिचा विरोध अधिक. जर्मन शास्त्रज्ञ ओहम याने १८२७ साली प्रसिद्ध केलेला नियम असा की, प्रवाहाला विरोधाने गुणले म्हणजे किती व्होल्ट खर्ची पडतात ते कळते. दिव्याला अर्धा अँपिअर पुरतो. त्याला बारीक तार चालते. पण सेल्फला सव्वाशे-दीडशे अँपिअर लागतात. १४० अँपिअर गुणिले ०.०२ ओहम, उत्तर २.८ व्होल्ट. ओहमचा अवघा पन्नासावा हिस्सा, पण त्याने पंपाचे आणि संगणकाचे अन्न तोडले. हे गणित मी कित्येक वर्षे फळ्यावर सोडवून दाखविले होते. परीक्षेत आले असते तर पूर्ण गुण मिळविले असते. घरात आले तेव्हा ओळखले नाही. चिकटपट्टी सोडली, तो आतील तांबे हिरवे पडून त्याचा भुगा होऊ लागला होता. गरम इंजिन हलके फिरते म्हणून धरी. थंड इंजिन किंवा गाण्यांनी दमलेली बॅटरी असली की धरीत नसे. नवी बॅटरी आठ दिवस का चालली, तेही उमगले. तिच्या ताज्या जोरात खोट झाकली गेली होती.

पुढे काय केले ते उघडच आहे. बोटाएवढ्या जाड, एकसंध, कलई केलेल्या तांब्याच्या तारा नौकेच्या मापाने करून घेतल्या. टोकांना दाबून बसविलेले गट्टू, त्यांवर सांध्याचे पाणी रोखणारे वेष्टण, आणि गाण्यांना स्वतंत्र लहान बॅटरी. दहा हजारांच्या आत काम झाले. पुन्हा मोजले, तेव्हा दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टाहूनही कमी अंतर राहिले. त्या दिवसापासून इंजिन पहिल्या खेपेस धरते.

प्रत्येक नौकेचा दोष तारेतच असेल असे नाही. म्हणून कोणत्या क्रमाने शोधावे, ते माझ्या वहीतून वाचून दाखवितो.

पहिला प्रश्न: सेल्फ फिरतो का? मुळीच फिरत नसेल तर प्रथम गिअर मोकळा आहे ना ते पाहावे. फिरतो पण इंजिन धरीत नसेल तर सुरक्षेच्या दोरीचा लाल चिमटा जागेवर आहे ना ते पाहावे. तो निसटलेला असताना लोकांनी इंजिन उघडल्याची उदाहरणे आहेत. मग बॅटरीच्या खुंट्या, त्यांवरील हिरवा-पांढरा क्षार आणि सैल नट. सेल्फ मारताना इंजिनाजवळ साडेनऊ व्होल्टांच्या खाली आकडा जात असेल, तर इतर काही उघडण्याआधी विजेचा बंदोबस्त करावा. सेल्फ एका दमात दहा सेकंदांहून अधिक मारू नये. त्याला विश्रांती द्यावी, नाहीतर तो जळतो.

दुसरा प्रश्न: चावी दिल्यावर पंप गुणगुणतो का? न गुणगुणल्यास आधी फ्यूज पाहावा. तो काही रुपयांचा असतो, पंप हजारोंचा.

तिसरा प्रश्न: तेल पोचते का, आणि ते तेलच आहे का? टाकीच्या झाकणावरील हवेचे भोक बंद असेल तर थोड्या वेळाने तेल ओढले जात नाही. नळीवरील रबरी फुगा हाताने दाबून घट्ट होतो का, आणि घट्ट झालेला लगेच मऊ पडतो का, हे पाहावे. मऊ पडला तर तेल मागे उतरते आहे किंवा कोठेतरी नळी झिरपते आहे. पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरमधील तेल स्वच्छ काचेच्या बाटलीत ओतून पाच मिनिटे ठेवावे. खाली निराळा थर दिसला तर ते पाणी. २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस येऊ लागले. इथेनॉल पाणी शोषते, आणि मर्यादेबाहेर शोषले की ते पाण्यासह पेट्रोलपासून फुटून तळाशी बसते. टाकीतील नळी तर तळातूनच ओढते. म्हणून पावसाळ्याआधीचे उरलेले पेट्रोल पावसाळ्यानंतर इंजिनाला पाजू नये, आणि जुन्या रबरी नळ्या फुगल्या किंवा तडकल्या असतील तर बदलाव्या.

चौथा प्रश्न: प्लग काय सांगतो? पुष्कळ सेल्फ मारल्यावर काढलेला प्लग कोरडा असेल तर तेल येत नाही. ओला असेल तर तेल येते पण पेटत नाही. एवढ्या एका पाहणीने अर्धे वाद मिटतात.

पाचवा प्रश्न: थंड असताना धरीत नाही की गरम असताना? हे मेकॅनिकला अवश्य सांगावे. इंजिनाचे तापमान संगणकाला कळविणारा सेन्सर खोटे सांगू लागला तर संगणक थंड इंजिनाला गरम समजून कमी तेल देतो. हे काम जाणकाराचे. तेथे आपण हात घालू नये. तसेच दाबाच्या नळीचा सांधा स्वतः सैल करू नये. तिच्यातील दाब हवेच्या दाबाच्या सुमारे तिप्पट असतो, आणि पेट्रोलची वाफ जड असल्याने नौकेच्या तळाशी साचून राहते. वास आला की चावीला हात लावू नये, आधी वारा खेळू द्यावा.

आपले जे बांधव डिझेलवर मासेमारी करतात, त्यांनी धुराकडे पाहावे. सेल्फ मारताना धूरच निघत नसेल तर तेल पोचत नाही. बहुधा नळीत हवा शिरलेली असते किंवा फिल्टर तुंबलेला असतो. पांढरा धूर निघतो पण इंजिन धरीत नाही, तर तेल पोचते पण पुरेशा उष्णतेअभावी पेटत नाही. हवा काढण्याची विद्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या हातात आहे. मुलांनी ती त्यांच्याजवळ बसून शिकून घ्यावी.

आता शेवटचे. या सर्व प्रकरणात मला सर्वांत अधिक काय बोचले, तर ते माझे मौन. पहिल्या आठवड्यात मेकॅनिकने विचारले होते, ‘अलीकडे काही बदल केलात का?’ पुतण्या माझ्याकडे पाहू लागला आणि मी ‘काही नाही’ म्हणालो. मला खरोखरच तार आठवली नव्हती. पण आठवावी असा प्रयत्नही मी केला नाही. वडील माणसाने दिलेला सल्ला चुकीचा असू शकतो, हे घरात कोणी बोलत नाही, आणि आपणही बोलू देत नाही. त्या ‘काही नाही’ची किंमत कर्लीच्या मुखाशी आठ माणसांना मोजावी लागली असती.

म्हणून माझी ज्ञातिबांधवांस हात जोडून तीन गोष्टींची विनंती आहे. प्रत्येक नौकेवर एक वही असावी. केव्हा काय बदलले, केव्हा काय बिघडले, ते तारखेसह लिहावे. आपल्या मंडळाने एक चांगला मीटर विकत घेऊन ठेवावा आणि तो वापरण्यास मुलांना, मुलींनाही, शिकवावे; मी शिकविण्यास तयार आहे. आणि इंजिन कितीही भरवशाचे असो, नांगर, दोर आणि वल्ही नौकेत असल्याशिवाय किनारा सोडू नये. त्या दिवशी आठ जणांना इंजिनाने परत आणले नाही; नांगराने धरून ठेवले आणि शेजाऱ्याने आणले.

वहिनींनी परवा मला विचारले, ‘भावजी, शेवटी ते इंजिन का रुसलं होतं?’ मी म्हणालो, ‘वहिनी, ते रुसलं नव्हतं. उपाशी होतं, आणि त्याच्या ताटातलं मीच काढून घेतलं होतं.’ त्या हसल्या. मला क्षमा मिळाली, असे मी समजतो.